मातीतले औषध आणि आपली किडनी : सेलमन वॅक्समन यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे

घरातल्या कुणाला गंभीर जंतुसंसर्ग झाला आहे. डॉक्टर सांगतात की जे इंजेक्शन द्यावे लागणार आहे त्याचा किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी रक्ताची तपासणी करू. त्याच संध्याकाळी नातेवाइकांचे फोन सुरू होतात. कुणी धन्याचे पाणी सुचवते, कुणी सकाळी अनशेपोटी कोथिंबिरीचा रस, कुणी लसणाच्या पाकळ्या, कुणी हळदीच्या कॅप्सूल. मोबाइलवर एखादा व्हिडिओही येतो. त्यात संशोधनाने सिद्ध झाले आहे असे सांगितलेले असते. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी तुम्ही डॉक्टरांना विचारता की, हे दिले तर किडनी वाचेल का?

प्रश्न अगदी योग्य आहे. त्यामागे काळजी आहे आणि थोडे तथ्यही आहे. त्याचे उत्तर नीट समजावे म्हणून आज एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याची ओळख करून घेऊ. किडनीला त्रास देऊ शकणाऱ्या या इंजेक्शनांच्या कुळाची सुरुवात त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. त्यांचे नाव सेलमन वॅक्समन. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक (अँटिबायोटिक) स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले. एखादी नैसर्गिक गोष्ट औषध कधी ठरते आणि कधी ठरत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसते.

युक्रेनमधले बालपण

वॅक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी नोवा प्रिलुका या लहानशा गावात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी तो रशियन साम्राज्याचा भाग होता. भोवती काळ्या, कसदार मातीची शेती होती. वॅक्समन लहान असतानाच त्यांची धाकटी बहीण घटसर्पाने दगावली. आज बाळाला दीड महिन्यापासून जी लस टोचली जाते तिच्यात घटसर्पापासून संरक्षण असते, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी हा आजार पाहिलेलाही नसेल. तेव्हा मात्र तो घराघरांत मुले नेत असे.

ज्यू विद्यार्थ्यांना रशियात उच्च शिक्षणाच्या वाटा जवळजवळ बंद होत्या. १९०९ मध्ये आई गेली आणि गावाशी असलेला मोठा धागा तुटला. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, २२ वर्षांचे वॅक्समन अमेरिकेला गेले. न्यू जर्सी राज्यात त्यांच्या नातेवाइकांचे शेत होते, तिथे ते राहिले आणि शेतीची कामे करू लागले. जवळच रटगर्स कॉलेज होते. तिथे मातीतील जिवाणूंचा अभ्यास करणारे जेकब लिपमन हे प्राध्यापक होते, तेही रशियातूनच आलेले. त्यांच्यामुळे वॅक्समन यांनी वैद्यकशास्त्राऐवजी शेतीशास्त्र निवडले. म्हणजे ज्यांच्या औषधाने पुढे लाखो क्षयरुग्ण बरे झाले, ते वैद्यकीय डॉक्टर नव्हतेच. ते मातीचे अभ्यासक होते.

पहिल्या पावसाचा वास आणि त्यामागचे जंतू

१९१५ मध्ये वॅक्समन पदवीधर झाले. विद्यार्थी असतानाच कॉलेजच्या शेतातले वेगवेगळ्या खोलीवरचे मातीचे नमुने आणून त्यात कोणते सूक्ष्मजीव आहेत ते मोजण्याचे काम त्यांनी केले होते. त्यात त्यांना एक वेगळाच गट वारंवार दिसला. हे जीव जिवाणूच, पण बुरशीसारखे धागे करून वाढणारे. त्यांना ॲक्टिनोमायसीट म्हणतात. तुम्ही त्यांना पाहिले नसले तरी त्यांचा वास नक्की घेतला आहे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो सुगंध येतो त्यातला मोठा वाटा याच जीवांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९१८ मध्ये डॉक्टरेट घेऊन वॅक्समन रटगर्सला परतले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. पुढची वीस वर्षे त्यांनी खत कसे कुजते, जमिनीचा कस कसा टिकतो, असे शेतकऱ्याच्या उपयोगाचे काम केले. औषधांशी त्यांचा संबंध नव्हता.

१९३९ मध्ये चित्र बदलले. त्यांचा जुना विद्यार्थी रेने द्युबो याने मातीतल्या एका जिवाणूपासून इतर जिवाणूंना मारणारे द्रव्य वेगळे केले होते. ते द्रव्य पोटात किंवा रक्तात देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते. पण त्यातून वॅक्समन यांना दिशा मिळाली. मातीत कोट्यवधी जीव एकमेकांशी स्पर्धा करतात. त्यांतले काही शेजाऱ्याला रोखणारी रसायने सोडतात. ही रसायने पद्धतशीर शोधली तर माणसाच्या रोगजंतूंवर उपाय सापडेल, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या प्रयोगशाळेत मातीचे हजारो नमुने तपासण्याचे काम सुरू झाले. अशा द्रव्यांना अँटिबायोटिक हा शब्द आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेयही वॅक्समन यांनाच दिले जाते.

किडनीने नाकारलेले औषध

१९४० मध्ये वॅक्समन आणि त्यांचे विद्यार्थी बॉइड वुड्रफ यांना ॲक्टिनोमायसिन सापडले. ते जंतूंना मारत होते, पण प्राण्यांनाही मारत होते. ते बाजूला ठेवावे लागले.

१९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन सापडले. या वेळी आशा जास्त होती, कारण परीक्षानळीत ते अनेक हट्टी जंतूंवर चालत होते. प्राण्यांना दिल्यावर सुरुवातीला सारे ठीक दिसले. मात्र काही दिवसांनी विषबाधा दिसू लागली, आणि त्यात किडनीची हानी हे मोठे कारण होते. जंतूंवर प्रभावी, मातीतून आलेले, पूर्णपणे नैसर्गिक असे हे द्रव्य माणसापर्यंत पोहोचण्याआधीच थांबले.

इथे थोडे थांबा, कारण तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग इथे आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे आपण सहज धरून चालतो. स्ट्रेप्टोथ्रिसिन कोणत्याही कारखान्यात बनलेले नव्हते. ते मातीतल्या एका जीवाने तयार केले होते. पण एखादी गोष्ट कुठून आली हे किडनीला कळत नाही. ती किती प्रमाणात आली, किती दिवस आली आणि पेशींत जाऊन काय करते, एवढ्यावरच परिणाम ठरतो.

स्ट्रेप्टोमायसिन : परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये वॅक्समन यांचे तरुण विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांना करड्या-हिरवट रंगाच्या एका ॲक्टिनोमायसीटचे दोन वाण सापडले. एक भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतला, दुसरा एका कोंबडीच्या घशातला. त्यांनी तयार केलेले द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. पेनिसिलिन ज्या जंतूंपुढे हतबल होते त्यांतल्या अनेकांवर ते चालत होते, आणि मुख्य म्हणजे क्षयाच्या जंतूवरही चालत होते. शाट्झ, एलिझाबेथ ब्यूगी आणि वॅक्समन यांचा शोधनिबंध १९४४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला.

ही झाली पहिली पायरी, परीक्षानळीची. दुसरी पायरी प्राण्यांची. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी क्षय झालेल्या गिनीपिगना हे औषध दिले. रोग आटोक्यात आला आणि प्राणी जगले. तिसरी पायरी माणसाची. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये फुप्फुसाचा क्षय बळावलेल्या एका तरुणीला ते देण्यात आले आणि ती बरी झाली.

आजच्या सोशल मीडियाच्या काळात एवढ्यावर जाहिरात सुरू झाली असती. पण एक रुग्ण बरा होणे हा पुरावा नव्हे, कारण क्षयाचे काही रुग्ण नुसत्या विश्रांतीनेही सुधारत असत. म्हणून चौथी पायरी चढणे गरजेचे होते. ती ब्रिटनमध्ये चढली गेली. तिथे औषधाचा साठा फार थोडा होता, सर्वांना पुरणारच नव्हता. तेव्हा १०७ रुग्ण घेऊन, कुणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगावर सोडले गेले. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. १९४८ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या दिवसापासून औषधांची परीक्षा कशी घ्यायची याचा तो नमुना ठरला.

त्याच चाचणीत दोन वाईट गोष्टीही कळल्या. अनेक रुग्णांना चक्कर येऊ लागली, कारण हे औषध आतल्या कानाला इजा करते. आणि अनेकांच्या शरीरातले जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. म्हणूनच पुढे क्षयावर एका वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत आली. आजही टीबीच्या गोळ्या मध्येच सोडू नका असे तुम्हाला बजावले जाते, त्याचे मूळ इथे आहे.

आपल्याकडेही हे औषध लवकरच पोहोचले. पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे आधी पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीत क्षयासाठी रोज इंजेक्शन घेतलेले कुणी असेल, तर ते बहुधा हेच.

निओमायसिन आणि किडनीचे गणित

१९४९ मध्ये वॅक्समन आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी निओमायसिन शोधले. स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंवरही ते चालत होते. पण इंजेक्शनने दिल्यावर ते किडनी आणि श्रवणशक्ती दोन्हींना जोराने इजा करते असे दिसले. त्यामुळे त्याचे इंजेक्शन मागे पडले. आज तुम्हाला ते जखमेवर लावायच्या मलमात किंवा काही विशिष्ट कारणांसाठी पोटातून द्यायच्या गोळीत भेटते, कारण त्या मार्गांनी ते रक्तात फारसे जात नाही. औषध तेच, पण मार्ग बदलला की धोका बदलतो.

स्ट्रेप्टोमायसिन आणि निओमायसिन ज्या गटात येतात त्याला अमिनोग्लायकोसाइड म्हणतात. रुग्णालयात आज वापरली जाणारी जेंटामायसिन आणि अमिकासिन ही याच गटातली. त्यांचा शोध इतरांनी लावला, पण वाट वॅक्समन यांनी दाखवलेली. ही औषधे किडनीला कशी इजा करतात, ते सोप्या शब्दांत पाहू.

किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक चाळण्या असतात. प्रत्येक चाळणीला एक सूक्ष्म नलिका जोडलेली असते. गाळलेल्या द्रवातून उपयोगी वस्तू परत घेण्याचे काम या नलिकेच्या पेशी करतात. अमिनोग्लायकोसाइड औषध चाळणीतून खाली आले की या पेशी त्यालाही आत ओढून घेतात. ते आत साठत जाते. एका मर्यादेपलीकडे साठले की पेशी आजारी पडते आणि मरते. म्हणून हा त्रास सहसा पहिल्या दिवशी दिसत नाही. पाच-सात दिवसांनंतर रक्तातले क्रिएटिनिन वाढू लागते. लघवी नेहमीएवढी होत असली तरी आत बिघाड चालू असू शकतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. वेळीच लक्षात आले आणि औषध थांबवले किंवा बदलले, तर बहुतेक वेळा नलिकेच्या पेशी पुन्हा वाढतात आणि किडनी सावरते.

वाद, नोबेल आणि अखेरची वर्षे

कीर्तीबरोबर कटुताही आली. स्ट्रेप्टोमायसिनच्या पेटंटचे हक्क वॅक्समन आणि शाट्झ दोघांनीही रटगर्सच्या संस्थेकडे सोपवले होते. पण त्यातून मिळणाऱ्या मानधनाचा काही भाग वॅक्समन यांना व्यक्तिशः मिळत असल्याचे शाट्झ यांना नंतर कळले. १९५० मध्ये शाट्झ यांनी गुरूंविरुद्ध न्यायालयात दावा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. शाट्झ यांना सहशोधक म्हणून कायदेशीर मान्यता आणि मानधनात ३ टक्के वाटा मिळाला, वॅक्समन यांच्याकडे १० टक्के राहिला. प्रयोगशाळेतल्या इतर सहकाऱ्यांनाही हिस्सा ठरला. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शाट्झ यांच्यावर अन्याय झाला असे आज अनेक अभ्यासक मानतात, आणि वॅक्समन यांचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकणे बरोबर नाही.

स्ट्रेप्टोमायसिनच्या पैशातून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची मोठी संस्था उभी राहिली. आज ती वॅक्समन यांच्या नावाने ओळखली जाते. स्वतःच्या वाट्यातल्या रकमेचा मोठा भागही त्यांनी संशोधनासाठी दिला.

आणखी एक गोष्ट जाता जाता. १९४० मध्ये विषारी म्हणून बाजूला ठेवलेल्या ॲक्टिनोमायसिनच्या कुळातलेच एक द्रव्य पुढे लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगावर, म्हणजे विल्म्स ट्यूमरवर, उपयोगी ठरले. ते आजही वापरले जाते. विष आणि औषध यांच्यातला फरक कित्येकदा मात्रा, रुग्णाची निवड आणि देखरेख एवढाच असतो.

१६ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॅक्समन यांचे निधन झाले.

मग कोथिंबीर, लसूण, हळद कोणत्या पायरीवर आहेत?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हिडिओत सांगितलेले संशोधन खोटे नसते. कोथिंबीर, पार्स्ली, लसूण, आले, हळद, कलौंजी यांवर असे प्रयोग खरोखर झालेले आहेत. उंदरांना जेंटामायसिन किंवा कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन देऊन त्यांची किडनी मुद्दाम दुखावली जाते. काही उंदरांना त्याआधीपासून किंवा त्याबरोबर वनस्पतीचा अर्क दिला जातो. अर्क मिळालेल्या उंदरांचे क्रिएटिनिन पुष्कळदा कमी वाढलेले दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली नलिकाही कमी बिघडलेल्या दिसतात. या वनस्पतींतली काही द्रव्ये पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण आणि दाह कमी करत असावीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

म्हणजे या वनस्पती दुसऱ्या पायरीवर आहेत, गिनीपिगच्या पायरीवर. स्ट्रेप्टोमायसिन तिथे थांबले असते तर ते औषध ठरले नसते. शिवाय उंदराला दिलेला अर्क म्हणजे आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे. तो घट्ट केलेला असतो, वजनाच्या मानाने मोजून रोज दिला जातो. प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो. तुमच्या घरातला रुग्ण बहुधा वयस्क असतो, त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असतो, आणि त्याच्या आधीच दहा गोळ्या चालू असतात.

पुढची पायरी चढल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण हळदीचेच आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने प्राण्यांमध्ये किडनीचे रक्षण केल्याचे अनेक प्रयोगांत दिसले होते. म्हणून कॅनडातल्या १० रुग्णालयांत, पोटातल्या महाधमनीची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या आसपास कर्क्युमिनची मोठी मात्रा, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी कॅप्सूल. २०१८ मध्ये निकाल आला. फायदा दिसला नाही. उलट कर्क्युमिन घेतलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांच्या किडनीला इजा झाली, न घेतलेल्यांपैकी १० टक्के.

याचा अर्थ भाजीतली हळद वाईट असा मुळीच नाही. चिमूटभर हळद हे अन्न आहे, कॅप्सूलमधला अर्क ही औषधाची मात्रा आहे. उंदरावरून माणसाबद्दल उडी मारता येत नाही, एवढेच यातून शिकायचे.

घरच्या उपायांमुळे कधी नुकसान होते?

किडनी आधीच कमकुवत असेल तर पेलाभर पालेभाजीचा किंवा कोथिंबिरीचा रस रोज घेणे धोक्याचे ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ते बाहेर टाकता न आल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हळदीच्या कॅप्सूल जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांच्या किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याच्या नोंदी आहेत. लसणाच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या औषधांची रक्तातली पातळी काही वनस्पतींमुळे बदलते. आणि ॲरिस्टोलोकिया नावाची वनस्पती तर थेट किडनी निकामी करते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात ती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या.

पण सर्वांत मोठे नुकसान वेगळेच आहे. किडनीच्या भीतीने इंजेक्शन नाकारणे किंवा मध्येच थांबवून काढ्यावर विसंबणे. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग स्वतःच किडनी बंद पाडतो आणि जीवही घेतो. अशा वेळी योग्य अँटिबायोटिक हेच किडनीचेही संरक्षण असते.

मग किडनी वाचवण्यासाठी तुम्ही काय करू शकता?

तुमच्या हातात बरेच काही आहे, आणि यातल्या बहुतेक गोष्टी माणसांच्या अनुभवावर घासून पाहिलेल्या आहेत.

• रुग्णाला आधीपासून किडनीचा आजार, मधुमेह, रक्तदाब किंवा ऐकायला कमी येण्याचा त्रास असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगा. मात्रा किडनीच्या क्षमतेनुसार आणि वजनानुसार ठरते.

• चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवा. त्यात काढे, चूर्ण, भस्म, पूरक गोळ्या आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहा. लाजू नका, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

• डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. किडनीवर परिणाम करणारी दोन औषधे एकत्र आली की धोका वाढतो.

• उलट्या, जुलाब किंवा ताप यांमुळे शरीरातले पाणी कमी झाले असेल तर लगेच कळवा. कोरडी पडलेली किडनी औषधाने लवकर दुखावते. मात्र हृदयविकार किंवा सूज असलेल्यांनी पाणी किती प्यावे हे विचारूनच ठरवा.

• क्रिएटिनिनची तपासणी ठरलेल्या दिवशी करून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे की नाही हे महत्त्वाचे असते.

• लघवी कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, मळमळ, कानात आवाज येणे, तोल जाणे, कमी ऐकू येणे, यांतले काहीही दिसले तर पुढचे इंजेक्शन देण्याआधी नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा.

• औषध किती दिवस चालणार आहे, ते विचारा. गरज संपली की लवकर थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे. पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या.

आणि स्वयंपाक? आमटीला लसणाची फोडणी द्या, वरणावर कोथिंबीर घाला, चवीपुरते आले-हळद वापरा. आहारतज्ज्ञांनी काही वर्ज्य सांगितले नसेल तर यात काही अडचण नाही. आजारी माणसाला दोन घास रुचीने जावेत, हा या पदार्थांचा मोठाच उपकार आहे. त्यांच्यावर किडनी वाचवण्याची जबाबदारी मात्र टाकू नका.

वॅक्समन यांनी मातीतून हजारो जीव तपासले. त्यांतून माणसाच्या उपयोगी पडतील अशी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक द्रव्याला पायरी पायरीने तपासले, आणि जिथे किडनीने नकार दिला तिथे ते थांबले. उद्या कदाचित आपल्या मसाल्याच्या डब्यातूनही एखादे औषध निघेल. ते चौथ्या पायरीवर पोहोचले की डॉक्टर स्वतःच ते तुम्हाला लिहून देतील. तोपर्यंत, फोनवरून आलेला सल्ला रुग्णाला देण्याआधी एकदा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)